शाळेतील संगणक व त्याची संचालन प्रणाली

प्राथमिक शाळांतून संगणक येऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. कोठे तो शासकीय योजनेतून मिळाला, कोठे लोकवर्गणीतून घेतला गेला, तर कोठे एखाद्या बँकेने अथवा सहकारी संस्थेने आपल्या कचेरीतील जुने यंत्र शाळेस भेट दिले. अशा यंत्रांपैकी कित्येकांवर विंडोज १० अथवा त्याहूनही जुनी विंडोज ७ ही संचालन प्रणाली आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली व विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. त्यानंतर काही वाढीव मुदतीची सोय ठेवण्यात आली. पण ती नोंदणी करणाऱ्यांसाठी व मुदतीपुरतीच. नवी विंडोज ११ या जुन्या यंत्रांपैकी बहुतेकांवर रीतसर बसत नाही. सबब मुख्याध्यापकांपुढे तीन मार्ग उरतात. यंत्र निर्लेखित करावे, आहे तसेच वापरीत राहावे, किंवा त्यावर दुसरी प्रणाली घालावी. यांपैकी तिसरा मार्ग पुष्कळ शाळांस हितावह आहे असे आमचे मत आहे. परंतु तो सर्वत्र लागू पडणारा नाही. कोठे पडतो व कोठे नाही हे समजण्यासाठी संचालन प्रणाली म्हणजे काय, येथून आरंभ केला पाहिजे. पुढील विवेचन कुरुंदवाडच्या आसपासच्या, कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांतील शाळा डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

द्विशिक्षकी शाळेत काम केलेल्या गुरुजींना ही कल्पना समजावयास वेळ लागू नये. एकाच शिक्षकाकडे दोन वर्ग असतात. तो पहिलीच्या मुलांस पाटीवर गिरविण्यास देतो, दुसरीस उदाहरणे घालतो, मग पहिलीकडे वळून पाट्या तपासतो. दोन्ही वर्ग एकाच वेळी चालले आहेत असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः शिक्षक एका क्षणी एकाच वर्गाकडे असतो. संगणकातही मोजणीचे काम करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, थोड्या भागांचाच असतो; आणि एकाच वेळी पत्र लिहिणे, चित्र दाखविणे, मुद्रण करणे अशी दहा कामे मागितली जातात. कोणत्या कामास किती क्षण द्यावयाचे, कोणास स्मृतीतील किती जागा द्यावयाची, कपाटाची किल्ली कोणाजवळ असावी, मुद्रणयंत्राशी बोलावयाचे कसे, हे सर्व जी पाहते तिला संचालन प्रणाली म्हणतात. व्यवहारात आपण तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो. पत्र लिहिण्याचा कार्यक्रम हा निराळा, आणि तो ज्या व्यवस्थेत चालतो ती प्रणाली निराळी, हा भेद प्रथम ध्यानात ठेवावा. पुष्कळदा शिक्षक 'आमच्या संगणकात वर्ड आहे' असे सांगतात; विचारलेले असते ते प्रणालीविषयी.

प्रणालीची देखभाल थांबली म्हणून यंत्र बंद पडत नाही. ते दुसऱ्या दिवशीही पूर्ववत चालू होते, आणि म्हणूनच या गोष्टीचे गांभीर्य लक्षात येत नाही. प्रत्येक प्रणालीत काही फटी राहून गेलेल्या असतात. त्या सापडतील तशा बुजविण्याचे काम निर्माते करीत असतात, व त्या दुरुस्त्या इंटरनेटवरून आपल्या यंत्रात येतात. देखभाल थांबली म्हणजे पुढे सापडलेली फट उघडीच राहते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी कार्यक्रम दीडशे देशांतील संगणकांत शिरला. तो ज्या फटीतून शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या धारिका कुलूपबंद झाल्या आणि किल्लीसाठी खंडणी मागण्यात आली. पुढील महिन्यात, जून २०१७ मध्ये, त्याच फटीचा आधार घेणाऱ्या 'नॉटपेट्या'ने जगभरच्या कंपन्यांस ग्रासले. त्यात आपल्या महाराष्ट्रातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका धक्क्याचे काम संगणकावाचून अडून राहिले. एवढ्या मोठ्या बंदराची ही गत, तर खेड्यातील शाळेचे संगणक कोण विचारतो, असे कोणी म्हणेल. परंतु असे कार्यक्रम माणूस पाहून शिरत नाहीत. उघडे दार दिसेल तेथे शिरतात. शाळेच्या यंत्रात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी आणि बँकखात्यांचे तपशील असतात. ही माहिती पालकांनी विश्वासाने दिलेली आहे.

आता निरनिराळ्या प्रणालींकडे वळू.

विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ च्या नोव्हेंबरात निघाली. पण घरोघरी व कचेऱ्यांतून ती पोहोचली ती १९९५ नंतर. आपल्यापैकी पुष्कळांनी एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम पुरा केला तो विंडोजवरच, त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज असे समीकरण मनात बसले आहे. तिचे खरे बळ सवयीत आहे, आणि त्याहून अधिक तिच्यासाठी लिहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत आहे. जयसिंगपूर-इचलकरंजीच्या पेढ्यांतून हिशेबासाठी जो टॅली वापरतात, तो विंडोजसाठीच बनविलेला आहे. छापखान्यात जाऊन पाहावे तर पुष्कळ ठिकाणी पेजमेकरची २००१ सालची सातवी आवृत्ती अजून लग्नपत्रिका जुळविताना दिसेल, आणि तिच्यासाठी एक जुने विंडोज-यंत्र जपून ठेवलेले असेल. व्यावसायिक माणूस प्रणाली निवडीत नाही. तो आपल्या कामाचा कार्यक्रम निवडतो, आणि प्रणाली त्याच्यामागून येते. शाळेनेही याच क्रमाने विचार करावा.

विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला किमान चार जी.बी. स्मृती, चौसष्ट जी.बी. साठवण, टी.पी.एम. नावाची सुरक्षेची विशिष्ट चिप आणि साधारणतः २०१८ च्या सुमाराचा अथवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आड वाटेने जुन्या यंत्रावर ती बसवून देणारे दुकानदार भेटतात. कंपनी अशा यंत्रांना दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी देत नाही, हे त्यांस विचारून घ्यावे. परवान्यावाचून घातलेल्या प्रतीविषयी तर बोलावयासच नको. ती बेकायदेशीर असते, आणि परवान्याचे बंधन तोडण्यासाठी वापरलेल्या साधनातच पुष्कळदा उपद्रव दडलेला असतो.

दुसरी प्रणाली लिनक्स. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोर्वाल्ड्स या तरुणाने तिचा गाभा लिहिला व तो सर्वांस खुला केला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीचा संकल्प सोडून तिची पुष्कळशी उपकरणे सिद्ध केली होती. दोहोंच्या मेळातून आजची प्रणाली उभी राहिली. तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. परवान्याचे शुल्क नाही. यामुळे तिच्या अनेक शाखा झाल्या. २००४ पासून निघणारी उबुंटू, जुन्या यंत्रांवर हलकेपणाने चालणारी लिनक्स मिंट, आणि आपल्याच देशात सी-डॅक संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये काढलेली 'बॉस' या त्यांपैकी काही होत. बॉसमध्ये मराठीसह भारतीय भाषांची सोय असून शाळांसाठी तिची एक निराळी आवृत्तीही काढण्यात आली.

लिनक्स म्हणजे गरिबाची प्रणाली असा एक समज आढळतो. तो निराधार आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तिच्यातील सर्वच्या सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आली आहेत. पुण्यातील सी-डॅकची महासंगणकेही तीवरच चालतात. आणि दूर कशास जावे, आपल्या खिशातील अँड्रॉइड दूरध्वनीचा गाभा लिनक्सच आहे. ज्या शिक्षकास लिनक्सचे भय वाटते, तो दररोज सकाळी तीवरच हजेरी भरीत असतो!

असे असूनही तिच्या अडचणी झाकून ठेवणे योग्य नव्हे. काही मुद्रणयंत्रे व परस्परसंवादी फळे तीवर चालत नाहीत, किंवा चालविण्यास खटपट पडते. खाजगी कंपन्यांनी शाळांस दिलेले पाठ्यघटकांचे संच पुष्कळदा फक्त विंडोजसाठी असतात. वर्डमध्ये केलेला तक्ता लिब्रे ऑफिसमध्ये उघडला असता ओळी इकडच्या तिकडे होतात. आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणाऱ्यास ती ठाऊक असेलच असे नाही. ही शेवटची अडचण आम्ही सर्वांत मोठी मानतो.

ॲपलची मॅक-ओएस ही उत्तम आहे, चित्रपट-संकलन व मुद्रणाच्या धंद्यात मान्यता पावलेली आहे, आणि ती ॲपलच्याच महाग यंत्रावर मिळते. प्राथमिक शाळेस तिचा विचार करण्याचे कारण नाही. गूगलची क्रोम-ओएस जुन्या यंत्रांवर घालता येईल अशी एक आवृत्ती २०२२ पासून उपलब्ध आहे. ती हलकी आहे, परंतु तिचे बहुतेक कार्य इंटरनेटवर अवलंबून असते. ज्या गावात पावसाळ्यात वीज व जोडणी यांचा भरवसा नसतो तेथे ती निरुपयोगी ठरण्याचा संभव फार.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे मराठी अक्षर. प्रणाली बदलावी की नाही याचा निर्णय पुष्कळ शाळांत याच एका गोष्टीवर अडतो.

पूर्वी मराठी लिहिण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट वापरीत. त्यांतील युक्ती अशी होती की, यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षराचाच क्रमांक साठविला जाई आणि पडद्यावर मात्र त्याजागी मराठी आकृती दाखविली जाई. ज्या यंत्रात तो फाँट आहे तेथे मजकूर सुरेख दिसे. जेथे नाही तेथे इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गोंधळ. शाळेचा दहा वर्षांपूर्वीचा अहवाल तालुक्याच्या कचेरीत उघडत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, नावांची अकारविल्हे यादी लावता येत नाही. कारण यंत्राच्या लेखी ते मराठी नाहीच.

युनिकोडने ही स्थिती पालटली. १९९१ मध्ये निघालेल्या या संकेतात जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा कायम क्रमांक दिला आहे. आपल्या 'क' चा क्रमांक २३२५. तो विंडोजवर, लिनक्सवर, दूरध्वनीवर, सर्वत्र तोच. आकृती किंचित वेगळी दिसेल, अक्षर बदलणार नाही. 'ॲ' हे अक्षर मात्र या संकेतात २००८ मध्ये आले, म्हणून फार जुन्या प्रणालीवर 'ॲप' लिहिले तर पहिल्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तो यंत्राचा बिघाड नव्हे.

कळफलकाविषयीही दोन शब्द. इंग्रजीत उच्चार लिहून मराठी उमटविण्याची रीत सोपी वाटते. परंतु तिचे नियम प्रत्येक कार्यक्रमात निराळे. इनस्क्रिप्ट ही रचना शासनाने प्रमाण मानलेली असून विंडोज व लिनक्स दोहोंत ती मुळातच असते. डाव्या हाताखाली स्वर व मात्रा, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने, अशी तिची मांडणी वर्णमाला शिकविणाऱ्यास आपलीच वाटेल. 'दुसऱ्या' या शब्दातील र काढताना पुष्कळांची तारांबळ उडते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून 'जे'ची कळ दाबावी म्हणजे 'ऱ' मिळतो, त्यास हलन्त देऊन पुढे 'या' लिहावा, झाले. शिवाय ही रचना सर्व भारतीय लिप्यांस समान आहे. ज्या कळेवर मराठीचा 'क' तीवरच कानडीचाही 'क'. आपला शिरोळ तालुका सीमेवरचा. घरी कानडी व शाळेत मराठी अशी मुले येथे आहेत. एकदा बोटांस वळण लागले की त्या मुलास दोन्ही भाषा लिहिता येतील.

जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने उपलब्ध आहेत. पण ती चुका करतात, विशेषतः जोडाक्षरांत व रफारांत. म्हणून विद्यार्थ्यांच्या नावांच्या याद्या पालटल्यावर जनरल रजिस्टराशी अक्षरशः ताडून पाहाव्यात. दाखल्यावरील नावातील एका वेलांटीपायी पालकांस किती हेलपाटे घालावे लागतात हे गुरुजींस सांगावयास नको.

या भागातील शाळांस या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. ऑगस्ट २०१९ च्या व जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील पुष्कळ गावांत पाणी शिरले. यंत्र भिजले तर नवे मिळू शकते. माहिती मिळत नाही. याद्या युनिकोडमध्ये व खुल्या स्वरूपात असल्या, आणि त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन उंचावरील सुरक्षित स्थळी ठेवली असली, म्हणजे पूर ओसरेपर्यंत कोणत्याही गावच्या, कोणत्याही प्रणालीच्या यंत्रावर काम पुढे चालविता येईल. मुलांची माहिती असल्यामुळे त्या प्रतीस परवलीचा शब्द अवश्य घालावा. मृगाच्या आधी हे काम उरकावे.

शासनाकडे जाणारी आपली बहुतेक माहिती, म्हणजे सरल, शालार्थ, यू-डायस यांवरील नोंदी, आता ब्राउझरमधून भरली जाते. फायरफॉक्स किंवा क्रोम हे ब्राउझर विंडोजवरही आहेत व लिनक्सवरही. यास्तव दैनंदिन कामापुरता प्रणालींमधील भेद पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला आहे. ज्या शाळेत दोन यंत्रे आहेत तेथे आमची शिफारस अशी की, त्यांतील नव्या यंत्रावर परवानायुक्त विंडोज ठेवून ते कचेरीच्या कामास व विंडोजवरच चालणाऱ्या पाठसंचांस वापरावे, आणि जुन्यावर लिनक्स घालून ते मुलांच्या हाती द्यावे. टक्स पेंटवर मुले चित्रे काढतील, जीकॉम्प्रीवर अंक व अक्षरांचे खेळ खेळतील, लिब्रे ऑफिसमध्ये निबंध लिहितील. एकच यंत्र असेल आणि मुद्रणयंत्र, फळा व पाठसंच यांपैकी काहीही विंडोजवाचून अडत असेल, तर प्रणाली बदलू नये. तेथे इंटरनेटची जोडणी काढून ते फक्त दाखविण्याच्या कामी वापरावे, व माहिती भरण्याचे काम दुसरीकडे करावे.

बदलण्यापूर्वी परीक्षा घेता येते, ही लिनक्सची मोठी सोय. लिनक्स मिंटची प्रत आठ जी.बी.च्या पेनड्राइव्हवर उतरवून यंत्र त्यावरून सुरू करावे. आतील विंडोजला हात न लागता नवी प्रणाली चालू होते. मुद्रणयंत्र, ध्वनी, प्रक्षेपक, मराठी लिपी हे एक दिवस तपासावे. पसंत पडले नाही तर पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावे, की पूर्वीची स्थिती. पसंत पडले तरी सर्व धारिकांची प्रत बाहेर काढून ठेवल्यावाचून पुढे जाऊ नये. बसविताना जुने सर्व पुसले जाण्याचा संभव असतो. दोन जी.बी. स्मृती असलेल्या यंत्रावर मिंटची 'एक्सएफसीई' ही हलकी शाखा चालते, चार असल्यास बरे. सादिलमधून खर्च करण्यास वाव असेल तर स्मृती वाढविणे व जुनी फिरती डिस्क काढून एस.एस.डी. बसविणे यासारखा गुण दुसऱ्या कशानेही येत नाही. यंत्र कोणत्याही प्रणालीवर तरतरीत होते. बत्तीस बिटांची अतिजुनी यंत्रे मात्र आता जवळजवळ सर्वच प्रणालींनी सोडून दिली आहेत. त्यांचे रीतसर निर्लेखन करावे. तत्पूर्वी आतील डिस्क पुसून घ्यावी.

केरळ राज्याने शाळांसाठी २००१ मध्ये 'आय. टी. ॲट स्कूल' हा कार्यक्रम आरंभिला, पुढे त्यातील शिक्षण मुक्त प्रणालीवर नेले, आणि २०१७ मध्ये त्या कार्यक्रमाचे 'काइट' या संस्थेत रूपांतर केले. तेथील यशाचे श्रेय वाचलेल्या परवाना-शुल्कास देण्याची रीत आहे. आमच्या मते अधिक महत्त्वाचे हे की, त्यांनी शिक्षकांस शिकविले आणि पाठ्यपुस्तके त्या प्रणालीस धरून तयार केली. नुसती तबकडी वाटून हे होत नसते. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स व लिब्रे ऑफिस यांवरील ध्वनिचित्रपाठ मराठीतही आहेत. ते विनामूल्य मिळतात व एकेक पाठ थोड्याच मिनिटांचा असतो. केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत त्यांतील एखादा पाठ सर्वांनी मिळून पाहावा आणि तेथेच एका जुन्या यंत्रावर प्रत्यक्ष करून पाहावे, अशी सूचना आहे. केंद्रात एक जरी शिक्षक या कामी तयार झाला तरी दुरुस्तीच्या दुकानाची अडचण निम्मी कमी होईल.

प्रणाली कोणतीही असो, यंत्रात दोन खाती करावीत. एक व्यवस्थापकाचे, ज्याचा परवलीचा शब्द मुख्याध्यापकांकडे राहील. दुसरे मुलांचे, ज्यातून नवा कार्यक्रम बसविता येणार नाही व कचेरीच्या धारिका दिसणार नाहीत. यंत्राचा क्रमांक, स्मृती, प्रणालीचे नाव व आवृत्ती, ती बसविल्याचा दिनांक आणि देखभाल संपण्याचे वर्ष यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत यंत्राच्या नावासमोर करावी. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांस पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, मिंटच्याही तितकीच. ते वर्ष उलटण्यापूर्वी नवी आवृत्ती घालावी लागते. बदली होऊन जाणाऱ्या मुख्याध्यापकांनी कार्यभार देताना किल्ल्यांबरोबर व्यवस्थापक-खात्याचा परवलीचा शब्द बंद पाकिटात द्यावा, आणि घेणाऱ्याने तो त्यांच्यासमक्ष यंत्रावर घालून पाहून मगच यादीवर सही करावी.